नानांची कपबशी

२०२२ च्या डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात रात्री साडेनऊला नानामामांचा फोन आला. "अर्ज भरलाय. सरपंचाचा. तू हिशेबाच्या धंद्यातला आहेस, शनिवारी ये." एवढं बोलून ठेवून दिला. मामांच्या फोनला शेवट नसतो, तो नुसता बंद होतो.

चांदवड तालुक्यातलं माझं आजोळ म्हणजे कांद्याचं गाव. अडीच-पावणेतीन हजार वस्ती, नऊ सदस्यांची ग्रामपंचायत, आणि हमरस्त्यावरून आत वळलं की गावाआधी लागणारी स्वागत कमान. थेट जनतेतून सरपंच निवडायची पद्धत २०१७ साली आली, २०२० साली गेली आणि २०२२ साली पुन्हा आली. त्या १८ डिसेंबरला राज्यात साडेसात हजारांहून जास्त ग्रामपंचायतींचं मतदान होतं. त्यातल्या एका गावात बासष्ट वर्षांचा एक माणूस 'ग्रामपंचायतीनं कमीत कमी कामं करावीत' एवढ्या एकाच मुद्द्यावर उभा होता. बाकीच्या हजारो गावांत कुणी असं काही म्हणत असेल असं मला वाटत नाही.

शनिवारी पोचलो तेव्हा मामा ओसरीवर झेरॉक्सचा गठ्ठा मोजत बसले होते. एकाच बाजूला छापलेला जाहीरनामा. दुसरी बाजू कोरी का, विचारलं तर म्हणाले, "पोरं गणितं करतील मागं." वर फोटो नाही, नेता नाही, हात जोडलेले नाहीत. मजकूर साधारण असा, की पंचायतीनं पाणी द्यावं, गटारं वाहती ठेवावीत, दिवे लावावेत, दाखले वेळेवर द्यावेत आणि दर महिन्याला जमाखर्च फळ्यावर लिहावा. कमान, सभामंडप, ओपन जिम, हळदीकुंकवाच्या साड्या, सप्ताहाचा मांडव यातलं काहीही पंचायत करणार नाही; ज्याला हौस असेल त्यानं वर्गणी काढावी. आणि सगळ्यात खाली, जाड अक्षरात: 'घरपट्टी माफ होणार नाही.'

"मामा, हे शेवटचं वाक्य कशाला?"

"खरं आहे म्हणून."

हा माणूस असा का आहे हे कळायला १९८० सालात जावं लागतं. शेतकरी संघटनेचे शरद जोशी तेव्हा स्वित्झर्लंडमधली टपाल संघटनेची नोकरी सोडून चाकणजवळ आंबेठाणला कोरडवाहू शेती करत होते, आणि चाकणचं कांद्याचं आंदोलन नाशिक जिल्ह्यापर्यंत येऊन पोचलं होतं. मामा तेव्हा विशीतले. रस्ता रोकोत बसले, पोलिसांच्या गाडीतून गेले, परत आले ते छातीवर शेतकरी संघटनेचा लाल बिल्ला लावून. तो बिल्ला अजून देव्हाऱ्यात आहे, खंडोबाच्या टाकाशेजारी. 'भीक नको, हवे घामाचे दाम' हे इतरांसाठी घोषणा असेल, मामांसाठी ते व्याकरण आहे. सरकार काही देतो म्हणालं की ते आधी विचारतात, माझ्याकडून काय काढून घेतलंय? निर्यातबंदी करून कांदा पाडायचा आणि मग क्विंटलला अनुदान द्यायचं, हा व्यवहार त्यांनी इतक्या वेळा पाहिलाय की अनुदान हा शब्द त्यांच्या तोंडून शिवीसारखा येतो. जोशींनी १९९४ साली स्वतंत्र भारत पक्ष काढला तेव्हा मामा त्यातही होते. मामांच्या पक्षाला मतं पडली नाहीत, पण मामांचं मत काही बदललं नाही.

दिल्लीच्या सरकारबद्दल असं बोलणं सोपं असतं. गावात ते बोललं की समोरचा माणूस तुमचा चुलत चुलता निघतो आणि ज्या सभामंडपावर तुम्ही टीका करता त्यात त्याच्या पोरीचं लग्न लागलेलं असतं.

मला बोलावलं होतं ते पंचायतीचे कागद वाचायला. कार्यालयात टेबलावरच्या काचेखाली ग्रामसभांच्या तारखा लावलेल्या होत्या: २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर. कपाटाला टेकून उमेदवारांची रांग उभी होती, कारण थकबाकी असलेल्याचा अर्ज बाद होतो. मामांनी माझ्या कानात सांगितलं, "वर्षभर वसुली होत नाही, या आठ दिवसांत होते. कायमची निवडणूक ठेवली तर पंचायत श्रीमंत होईल." विनोद होता, पण त्यात त्यांचा सगळा अर्थशास्त्राचा पाया होता.

नमुना ८ म्हणजे घरांची कर आकारणी, नमुना ९ म्हणजे मागणी आणि वसुली. मी दोन्ही रजिस्टरं शेजारी ठेवून बघत गेलो. हिशेबाच्या धंद्यात वीस वर्षं काढली तरी ग्रामपंचायतीचे कागद मी कधी हातात घेतले नव्हते, आणि घेतले तेव्हा पहिल्या तासातच एक गोष्ट ध्यानात आली. या पंचायतीला मोठं सरकार म्हणण्यासारखं काही नव्हतंच. ते कुरिअरचं दुकान होतं. वरून पार्सल येतं, त्यावर पत्ता आधीच लिहिलेला असतो. पंधराव्या वित्त आयोगाच्या पैशातले साठ टक्के बंधित, म्हणजे पाणी आणि स्वच्छतेवरच लावायचे. चाळीस टक्के अबंधित. अबंधित म्हणजे मोकळे असं वाटतं, पण त्यातही परिपत्रकं येतात, की यातून अमुक भागवा, तमुक भागवा. आराखडा ऑनलाइन चढवायचा, सरपंच आणि ग्रामसेवक दोघांच्या डिजिटल सह्या लागायच्या, सर्व्हर पडला की गावाचा विकास पडला. संविधानाच्या अकराव्या अनुसूचीत पंचायत राजसाठी २९ विषय आहेत. शेतीपासून शिक्षणापर्यंत. या खोलीत मात्र एक ग्रामसेवक, एक शिपाई, एक संगणकवाला पोरगा आणि फिरत नसलेला पंखा. ग्रामसेवकाकडे शेजारच्या गावाचाही कारभार, म्हणजे तोही निम्मा.

घरपट्टीतून येणारा गावाचा स्वतःचा पैसा या सगळ्यात इतका बारका होता, की मला आधी बेरीज चुकली असं वाटलं.

"आता कळलं?" मामा म्हणाले. "जो पैसा आपण दिलाच नाही त्याचा हिशेब कोण विचारणार? चांगल्या रस्त्यावर पेव्हर ब्लॉक बसवले, कुणी बोललं नाही. बसव बाबा, तुझ्या बापाचे नाहीत, माझ्याही बापाचे नाहीत. हेच घरपट्टीतून केलं असतं तर गावानं सरपंचाचं धोतर सोडलं असतं."

हे मला पटलं, आणि आजही पटतं. ग्रामसभेची गणपूर्ती मतदारांच्या पंधरा टक्के किंवा शंभर, यातला जो आकडा कमी असेल तो. दोन हजार मतदारांच्या गावात शंभर माणसं वर्षातून चार वेळा जमत नाहीत. सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही, म्हणून पुढच्या वेळी बारा माणसांत ठराव होतात. त्याच गावात पाणीपट्टी शंभर रुपयांनी वाढणार अशी नुसती कुणकुण लागली तेव्हा मारुतीच्या पारावर उभं राहायला जागा नव्हती, हे मी स्वतः पाहिलंय. लोकशाही खिशापासून सुरू होते हे मामांचं म्हणणं मला कुठल्याही भाषणापेक्षा त्या पारावर जास्त समजलं.

७ डिसेंबरला चिन्हं वाटली. मामांना कात्री हवी होती. मिळाली कपबशी. गावाला आयतंच सापडलं. "चिन्ह कपबशी अन् उमेदवार चहा पाजेना!" पाजत नव्हतेच. नऊ सदस्यांच्या ग्रामपंचायतीत सरपंचाच्या उमेदवाराला पन्नास हजार खर्चाची मर्यादा होती. मामांनी त्यातले किती वापरले हे सांगितलं तर त्यांचीच लाज जाईल. बाकी दोन पॅनेलांच्या लोकांना महामार्गावरच्या ढाब्यावर रोज रात्री कोण जेवू घालत होतं ते ढाबेवाल्यालाच ठाऊक. त्याच्याही वहीत उमेदवाराचं नाव नसतं.

प्रचार म्हणजे आम्ही दोघं, कधी मामांचा एक जुना बिल्लेवाला मित्र. वाड्यावस्त्यांवर जायचं, कागद द्यायचा, शंका विचारा म्हणायचं. शंका एकच असायची: "नाना, तुम्ही आणणार काय?" सरपंच म्हणजे आणणारा. निधी आणतो, विजेची डीपी आणतो, आमदाराला आणतो. "मी काही आणणार नाही, आहे त्याचा हिशेब देईन," हे उत्तर ऐकून माणसं मायेनं हसायची. एका म्हाताऱ्यानं तर पाठीवर हात ठेवून सांगितलं, "नाना, तू चांगला माणूस आहेस. उगं कशाला पंचायतीत जातो?"

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी भीमनगरात गेलो. गावाच्या उताराला, पाइपलाइन जिथं संपते तिथं ही वस्ती. वॉर्ड तीनमधून दुसऱ्या एका पॅनेलवर सदस्यपदाला उभ्या असलेल्या बाईंच्या दारात आम्ही थांबलो. त्या दिवसभर कांदा चाळीवर निवडायला जातात. हात अजून पदराला पुसत होत्या. मामांचा कागद त्यांनी उभ्याउभ्या पूर्ण वाचला. आख्ख्या प्रचारात तो कागद शेवटपर्यंत वाचणारं ते एकच माणूस मी पाहिलं.

"नाना, कमी करायचं म्हणता ते कुठून कमी करणार?" त्यांनी विचारलं. "कमान झाली बांधून, ती काय पाडणार नाही तुम्ही. कमी करायचं म्हटलं की शेवटचा नळ आधी दिसतो. आमच्याकडं आत्ताच अर्धा तास पाणी आहे."

मामा म्हणाले, पाणी तर पहिल्याच ओळीत आहे. बाईंनी बोट कागदावर खाली सरकवलं. तिथं लिहिलं होतं, गटारसफाई आणि रस्तेझाडणी श्रमदानातून करून पंचायतीचा खर्च वाचवावा.

"श्रमदानाला फोटो काढायला कोण येतं अन् गटारात कोण उतरतं, हे तुम्हाला मी सांगायचं का? आता निदान रोज मिळतो."

मामांनी काहीतरी बोलायला तोंड उघडलं. बाई थांबल्या नाहीत. पंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातले पंधरा टक्के मागासवर्गीयांवर खर्च करायचं बंधन आहे. त्यातून त्यांच्या गल्लीत काँक्रीट आलं. "वरून आकडा लिहून आला म्हणून आलं. गावावर सोडलं असतं तर ठराव झाला असता का? तुमच्या ओसरीवर बसून सांगा." मग त्यांनी चहा टाकला. कपबशीतून दिला. मामांनी तो बशीत ओतून, फुंकर न घालता, प्यायला.

परतताना वाटेत ते एक शब्द बोलले नाहीत. मीच मनातल्या मनात बोलत होतो. ४ नोव्हेंबर १९४८ ला संविधान सभेत मसुदा मांडताना डॉ. आंबेडकरांनी खेड्यांच्या गोडव्यांवर पाणी ओतलं होतं. गाव म्हणजे संकुचितपणाचं आणि अज्ञानाचं आगर, घटक धरायचा तो व्यक्तीचा, गावाचा नव्हे, असा त्यांचा रोख होता. कॉलेजात वाचलं तेव्हा ते मला कडवट वाटलं होतं. भीमनगरातून वर गावठाणाकडे चढताना तो नुसता उताराचा हिशेब वाटला. पाणी खाली येतं म्हणतात. आमच्या गावात येत नाही.

रात्री जेवणानंतर मी विषय काढला. मामांचा एक आवडता दाखला असतो, की पूर्वी गाव सरकारशिवाय चालायचं. पाटील, कुलकर्णी, बारा बलुतेदार. ना ग्रामसेवक, ना बीडीओ, ना निधी. मी म्हटलं, मामा, मुंबई ग्रामपंचायत अधिनियम १९५८ चा. त्याच १९५८ चा आणखी एक कायदा आहे, कनिष्ठ गावनोकरांची वतनं रद्द करणारा. गावाची वर्दी देणं, सांगावा पोचवणं, सरकारी कामाला धावणं, मेलेली ढोरं ओढणं ही पिढ्यान्‌पिढ्या महारांच्या गळ्यात बांधलेली कामं; मोबदला म्हणजे वतनाचा तुकडा आणि दारोदारची शिळी भाकर. ते जोखड ज्या वर्षीच्या कायद्यानं काढलं त्याच वर्षीच्या कायद्यानं पंचायत बांधली. तुमचं ते बिनसरकारचं गाव स्वस्त होतं, कारण कुणीतरी फुकट राबत होतं.

मामा बराच वेळ सुपारी कातरत राहिले. "हे जोशीसाहेबांना विचारायला पाहिजे होतं," शेवटी म्हणाले. शरद जोशी जाऊन तेव्हा सात वर्षं झाली होती.

आतून मामी म्हणाल्या, "मला विचारा की." मामी १९८६ च्या नोव्हेंबरात चांदवडच्या महिला अधिवेशनाला गेलेल्या, दोन वर्षांची माझी मामेबहीण कडेवर घेऊन. त्या लाखोंच्या मेळाव्यात संघटनेनं बायकांना पंचायत राजच्या निवडणुकांत उतरवायचं ठरवलं. आरक्षणाची घटनादुरुस्ती १९९३ साली लागू झाली, त्याच्या बऱ्याच आधी. मामींनाही उभं राहायचं होतं. तेव्हा घरात म्हैस व्याली होती. "सरकार कमी करायला निघालेत," त्या भांडी आवरता आवरता म्हणाल्या, "अन् तांब्याभर पाणी अजून हातात द्यावं लागतं. ते श्रमदान कुठल्या नमुन्यात लिहितात रे?"

मला त्या क्षणी नमुना ८ आणि ९ दोन्ही फार अपुरे वाटले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामांनी उरलेल्या कागदांवर निळ्या बॉलपेननं श्रमदानाची ओळ खोडायला सुरुवात केली. दोनशेच्या वर कागद होते. खोडलेल्या ओळीच्या वर लिहीत होते: 'गटारसफाईला पूर्ण रोज, घरपट्टीतून.' मी म्हटलं, मामा, यानं खर्च वाढतो. "वाढू दे. कमान नको म्हणालो, रोज नको असं मी म्हणालो नव्हतो." म्हणाले होते, कागदावर छापलेलंच होतं, पण मी वाद घातला नाही. लहान सरकारची व्याख्या माझ्या डोळ्यांदेखत बॉलपेननं सरकत होती, आणि त्यांचं अक्षर काही वळणदार नाही.

माझं स्वतःचं मत तेव्हापासून काहीसं तिथंच अडकलंय. पंचायत लहान असावी की मोठी हा वाद गावात आणला की तो वेगळाच होतो, कारण तिच्याकडे मोठं होण्याएवढं स्वतःचं काही नाहीच. मोठेपणा सगळा वरच्यांचा, तो फक्त कमानीच्या रूपानं इथं येऊन उभा राहतो. मामांचं घरपट्टीचं म्हणणं खरं आहे. बाईंचं पंधरा टक्क्यांचं म्हणणंही खरं आहे, आणि ते मामांच्या अगदी उलट आहे: गावाला मोकळं सोडलं तर गाव आपल्याच आळीत पैसा जिरवतं, म्हणून वरून बंधन हवं. दोन्ही एकाच गावात, एकाच रजिस्टरात. गडचिरोलीच्या मेंढा-लेखानं 'दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' म्हटलं आणि ते निभावलं, पण तिथं निर्णय सगळ्यांच्या सहमतीनं घेतात. एक जण अडला तरी गाव थांबतं. आमच्या गावात कुणासाठी थांबायची सवय फक्त एसटीला होती, आणि आता तीही येत नाही.

२० डिसेंबरला तहसीलला मोजणी झाली. कपबशी तिसरी आली. दोन आकडी नव्हे, तीन आकडी मतं पडली एवढाच मामांना आनंद. मशीनमधून आकडे वॉर्डवार निघतात. वॉर्ड तीनमध्ये त्यांना बाकीच्या दोन वॉर्डांपेक्षा जास्त मतं होती. हे त्यांनी मला तीनदा सांगितलं. वॉर्ड तीनच्या बाई निवडून आल्या. नव्या सरपंचाची मिरवणूक कमानीखालून गेली, गुलाल पेव्हर ब्लॉकच्या फटींत बसला तो शिमग्यापर्यंत निघाला नाही.

एप्रिलमध्ये उन्हाळ कांदा काढायला सुरुवात झाली तेव्हा मी परत गेलो. भाव पडलेले होते. मामा मला घेऊन पंचायतीत घरपट्टी भरायला गेले. नवं वर्ष लागलं की ते लगेच भरतात. पहिल्या सहामाहीत भरली तर पाच टक्के सूट असते. संगणकावरच्या पोरानं पूर्ण रकमेची पावती काढली.

"सूट?" मामा म्हणाले.

"नाना, तुम्ही तर सूट-सबसिडीच्या विरोधात," पोरगा हसला.

"ही सूट नाही, कायदा आहे. खोड ती पावती."

पोरगा म्हणाला सिस्टीम घेत नाही. मामा म्हणाले मी बसतो, सिस्टीमला घेऊ दे. बाकावर बसले. कोपऱ्यात वॉर्ड तीनच्या बाई मासिक सभेची नोटीस घेऊन उभ्या होत्या, सोबत पाणीपुरवठ्याच्या खर्चाचे चार कागद. त्या मामांच्या शेजारी येऊन बसल्या.

"नाना, चष्मा आणलाय का? ही मोटार दुरुस्ती तीन महिन्यांत दोनदा लिहिलीय. मोटार एकदाच वर काढली होती, मी मोजलंय."

मामांनी खिसा चाचपला. चष्मा घरी राहिला होता. त्यांनी माझ्याकडे बघितलं, आणि मी कागद हातात घेतले.